सुई कोणाच्या हातची

डायलिसिसवर असलेल्या माणसाला लोक मशीनबद्दल विचारतात. रक्त बाहेर जाताना दिसतं का, चक्कर येते का, मध्येच वीज गेली तर काय करतात. सुईबद्दल सहसा कोणी विचारत नाही. खरं तर मशीनवर नुसतं पडून राहायचं असतं. ते आपलं काम करतं. सगळा दिवस ठरतो त्याआधीच्या पाच-दहा मिनिटांत, सुया लागतात तेव्हा. दोन सुया असतात, पोती शिवायच्या दाभणाची आठवण यावी अशा जाड. एकीतून रक्त मशीनकडे जातं, दुसरीतून परत येतं. त्या नीट बसल्या तर दिवस बरा जातो. नाही बसल्या तर हात काळानिळा होतो आणि पुढच्या खेपेपर्यंत ठणकत राहतो.

ज्यांना हा आजार नव्यानं झालाय त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितोय, असं मी घरी सांगितलंय. ते खोटं नाही. पण यात एक गोष्ट अशी आहे की ती मी घरीही कधी बोललो नाही. ती सुयांचीच आहे, म्हणून इथंच सांगून टाकतो.

*

माझं दुकान फवारणीच्या पंपांचं, नाशकात, द्राक्षवाल्यांच्या जिवावर चालणारं. आम्ही मूळचे देवळ्याकडचे. थोरला भाऊ शेती बघतो, मी शहरात आलो. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती ती, आणि मी चाळिशीला टेकलो होतो. चपला घट्ट व्हायला लागल्या. मी मोठ्या मापाच्या घेतल्या. त्याही घट्ट झाल्या तेव्हा दुकानदाराला म्हटलं, "माप बदललं का हो कंपनीनं?"

सकाळी मळमळ, दुपारी थकवा. थकव्यावर आमच्याकडं एकच उपाय होता, बाटली. 'अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा' म्हणायचं, गल्लीतला डॉक्टर सलाइन लावायचा, माणूस तासभर पडून राहायचा आणि उठताना बरं वाटायचं. बाटलीनं वाटायचं की पडून राहिल्यानं, देव जाणे. उजव्या हातावर कामं अडतात म्हणून मी नेहमी डावा हात पुढं करायचो. अशा कितीतरी बाटल्या त्या हातानं पचवल्या. एकेक शीर कडक होऊन दोरीच्या गाठीसारखी बसत गेली. शेवटी शेवटी तर पाण्यानं सुजलेल्या माणसाला वरून पाणी चढवत होतो आम्ही, तो डॉक्टर आणि मी मिळून.

रक्ताचा रिपोर्ट बघून मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "बरोबर कोण आलंय?"

"मी एकटाच."

"उद्या घरच्यांना घेऊन या."

मला कळायचं ते कळलं. घरी गेलो नाही. दुकानात गेलो आणि संध्याकाळपर्यंत पंपांचे वायसर बदलत बसलो. एकाही पंपाचा वायसर खराब नव्हता.

दुसऱ्या दिवशी शालिनीला, म्हणजे बायकोला, घेऊन गेलो. दोन्ही किडन्या गेल्यात असं डॉक्टर म्हणाले. शालिनीनं विचारलं, "औषधानं परत येतील ना?" ते "नाही" म्हणाले आणि टेबलावरचं पेन उचलून परत तिथंच ठेवलं. गावी आईला आम्ही लघवीचा त्रास आहे एवढंच कळवलं. ती आली, माझं तोंड बघितलं आणि म्हणाली, "काय व्हयनं रे तुले? आसा का दिसस तू?" मी म्हटलं, ऊन लागलंय.

*

हातातला फिस्टुला मुंबईत केला. धमनी आणि शीर आतल्या आत जोडतात. मग शिरेत जोराचं रक्त यायला लागतं, ती फुगते, जाड होते आणि जाड सुया सोसण्याजोगी होते. सर्जननं माझा डावा हात उचलला, दाबून बघितला आणि खाली ठेवला. नको असलेलं भांडं ठेवावं तसा. उजव्यात जोडणी केली. म्हणाले, "डाव्यात काही उरलेलं नाही. हा एकच आहे. याच्यावर तुमचं सगळं आहे, जपा. आणि सुयांची जागा बदलत राहायची. खालून वर जायचं, पुन्हा खालून सुरू करायचं. एकाच जागी नाही."

मी मान हलवली. भाजी आणताना बायको सांगते तेव्हा हलवतो तशी.

फिस्टुला झाला की हातात सतत थरथर असते. बोट ठेवलं तर कळते, कान लावला तर ऐकू येते, लांबवर पिठाची गिरणी चालू असल्यासारखी. मला तिची सवय झाली. शालिनीला झाली नाही. काही दिवसांनी तिनं आपलं अंथरूण मुलांच्या खोलीत नेलं. "तुमच्या हाताला माझा धक्का लागायचा," म्हणाली. मग दारातून परत आली आणि खरं ते बोलली, "मला भीती वाटते हो त्याची." मी म्हटलं, झोप तिकडंच. त्या खोलीतून मुलांना दटावण्याचा तिचा आवाज यायचा. इकडं मी आणि माझी गिरणी.

*

नाशकातल्या एका खासगी दवाखान्यात तेव्हा दोन मशीन होती. आठवड्यातून दोनदा जायचं. खोलीची खिडकी शेजारच्या मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगाला उघडायची. लग्नसराईत इकडं सुईला हात द्यावा आणि तिकडून 'सावधान' ऐकू यावं, असं कितीदा तरी झालं. जेवणाच्या पंगतीतले आवाज यायचे, मसालेभाताचा वास यायचा. मला मीठ बंद, पाणी मोजून.

पहिल्या वेळी थोरला भाऊ बरोबर बसला. नळीतून रक्त चाललेलं त्यानं बघितलं आणि "चहा सांगून येतो" म्हणून उठला, तो मशीन बंद झाल्यावरच आला. पुन्हा आला नाही. शालिनी बाहेरच्या बाकावर बसायची, पुढं पुढं सोडून जायची आणि न्यायला यायची. मी कोणाला दोष देत नाही. चार-पाच तास माणसाजवळ बसून बोलणार तरी काय? द्राक्षांचे भाव, मुलांची शाळा, आणि मग दोघांनीही नळीकडं बघायचं.

म्हणून मला बोरस्ते आवडले. बोरस्ते म्हणजे तिथले टेक्निशियन. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "आहेर? देवळ्याचे का?"

"जवळचेच. खेडं आहे आमचं."

"अहो, माझी आत्या देवळ्यात दिलीय! कोणाकडं सांगू…" आणि त्यांनी घराणं सांगितलं, मी त्यांचा मळा सांगितला, त्यांनी त्या मळ्यातल्या विहिरीवरचं भांडण सांगितलं. "म्हणजे पाहुणेच की आपण!" तेवढ्यात दोन्ही सुया लागल्या होत्या.

मी घरी येऊन सांगितलं, माणसाला हातगुण आहे. आपल्याकडं हा शब्द आपण फार सहज वापरतो. अमक्या डॉक्टरचं पाणीसुद्धा लागू पडतं, तमक्याचं अमृतही नाही. तर बोरस्त्यांना हातगुण होता. अर्थात तेही चुकायचे. एकदा सुई शिरेतून आरपार गेली आणि हात वांग्यासारखा सुजला. मी हसत म्हणालो, "आज माझीच शीर रुसलीय, पाहुणे." तेही हसले.

मग त्यांना मनगट आणि कोपर यांच्या मधोमध एक जागा सापडली. तिथं वारंवार टोचून कातडी बधिर झाली होती. सुई जायची आणि कळायचंही नाही. मी म्हणायला लागलो, "तिथंच लावा. तिथं दुखत नाही."

"डॉक्टर म्हणतात जागा बदला."

"डॉक्टरांना टोचून घ्यायचंय का?"

ते पुन्हा हसले आणि तिथंच लावली. दरवेळी तिथंच, एक सुई त्या जागी आणि दुसरी तिच्या शेजारी. त्यांनाही सोपं, मलाही सोपं. त्या जागी आधी बोराएवढं टेंगूळ आलं. शालिनी म्हणाली, "हे वाढतंय हो." मी म्हटलं, "शीर तगडी होतेय."

*

पगारे सिस्टर नंतर आल्या. तिशीच्या आतबाहेर असतील. बोलणं कमी, चालणं भराभर. मी सवयीनं विचारलं, "नवीन का सिस्टर? गाव कोणतं?"

"नांदगाव."

"नांदगावात कोण तुम्ही?"

"पगारे."

मी म्हणालो, "बरं."

बोरस्त्यांना मी आत्या, आत्याचा दीर, दिराची विहीर इथपर्यंत विचारलं होतं. इथं 'बरं' म्हटलं आणि खिडकीकडं तोंड केलं. जातपात मी मानत नाही, असं मी चारचौघांत म्हणायचो, आणि म्हणताना ते मला अगदी खरं वाटायचं. दुकानात येणाऱ्या कोणालाही त्याच कपात चहा देत होतो. पण तो कप माझ्या दुकानातला. इथं मी आडवा पडलेला, आणि हात तिच्या हातात द्यायचा.

एका सकाळी बोरस्ते उशिरा येणार होते, म्हणून त्या आल्या. हात घेतला, डोळे मिटले आणि मनगटापासून कोपरापर्यंत सावकाश बोटं फिरवली. त्या टेंगळावर थांबल्या.

"ही जागा दमलीय तुमची. आज वर लावते. थोडं दुखेल."

"तिथंच लावा. ते तिथंच लावतात."

"ते लावतात, पण ही फुटेल कधीतरी."

त्यांनी वर लावली. नवी कातडी, मी अंग चोरलेलं. सुई चुकली. शिरेच्या भिंतीतून पलीकडं गेली असणार. बघता बघता हात फुगला. तेव्हा मी जे बोललो ते शब्दाला शब्द लिहितो. "तुमच्याकडं हात नाही हो बाई. हे काम सगळ्यांना जमत नसतं. हातगुण असावा लागतो. बोरस्त्यांना बोलवा."

खोलीत दुसऱ्या मशीनवर एक पेशंट होता, त्याची बायको होती आणि वॉर्डातले मामा होते. सगळ्यांनी ऐकलं. पगारे सिस्टरांनी सुई काढली, बर्फ आणला आणि फडक्यात बांधून माझ्या हातावर ठेवला. माझ्या घशाला कोरड पडली होती. त्यांच्या बाजूलाच तांब्या-भांडं होतं. मी त्यांच्या डोक्यावरून हाक मारली, "मामा, घोटभर पाणी द्या ना."

ज्याला दिवसाला मोजून पाणी मिळतं त्याला प्रत्येक घोट आठवतो. तो घोटही मला आठवतो.

बोरस्ते चुकले तेव्हा माझी शीर रुसली होती. या चुकल्या तेव्हा यांच्याकडं हात नव्हता. दोन्ही वेळा सूज सारखीच होती. दुखलंही सारखंच. एवढंच मला सांगायचं होतं, आणि एवढं सांगायला इतकी वर्षं गेली. घरी मी त्या दिवशी "नवीन बाईनं हात बिघडवला" असं सांगितलं होतं. शालिनी चार दिवस त्या बाईंना बोल लावत होती. मी लावू दिले.

त्यानंतर ठरूनच गेलं. मशीन पगारे सिस्टर लावणार, नळ्या त्या भरणार, आणि सुयांपुरते बोरस्ते येणार. ते दुसऱ्या मजल्यावर असले तरी त्यांना खाली बोलवायचं. त्या बाजूला उभ्या राहायच्या, हात मागं घेऊन.

*

बोरस्त्यांना दुबईची नोकरी लागली. पेढे घेऊन आले. "पाहुणे, आता तिकडच्या शेखांना टोचतो," म्हणाले. मी पेढा हातात धरून बसलो. पथ्यामुळं खाता येत नव्हता, आणि पुढच्या खेपेला काय, या विचारानं खाली ठेवायचंही सुचेना.

ती पुढची खेप यायच्या आदल्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून टॉवेलनं हात पुसला. टेंगळावर एक बारीक खपली होती. टेंगूळ तेव्हा चांगलं लिंबाएवढं झालं होतं, वरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, चकचकीत. खपली टॉवेलाला लागून आली. आधी काही झालं नाही. मग रक्ताची चिळकांडी समोरच्या भिंतीवर गेली. दुखत अजिबात नव्हतं, याचं मला आश्चर्य वाटत राहिलं.

मी हाक मारली का ते आठवत नाही. शालिनी आली. जिला त्या हाताची भीती वाटायची तिनं पदराचा बोळा केला आणि दोन्ही मुठींत माझा हात आवळला. तसेच आम्ही रिक्षात बसलो. धाकटी मुलगी दारात उभी राहून रडत होती. रिक्षात शालिनी एकच वाक्य बोलली, दात आवळून, "बोलवा आता तुमच्या पाहुण्यांना दुबईहून."

दवाखान्यात पगारे सिस्टर धावत आल्या. "सोडा ताई, आता मी धरते." शालिनीच्या मुठी सुटेनात. त्यांनी एकेक बोट सोडवलं आणि आपला हात तिथं घातला. डॉक्टरांनी टाके घातले. मला खोलीत आणल्यावर ते जे म्हणाले ते साधं होतं. टेंगळाची जागा कायमची गेली. तिथं पुन्हा सुई लागली तर फुटणार. वर कोपरापर्यंत थोडी शीर शिल्लक आहे, ती मिळाली तर मिळाली. तीही बिघडली तर मुंबईला न्यावं लागेल, मानेत नळी, आणि नवीन फिस्टुला करायला डाव्या हातात जागा नाही. डायलिसिस मात्र आजच हवं, रक्त फार बिघडलंय.

डॉक्टर गेले. शालिनी बाहेर बाकावर होती. पगारे सिस्टर सुयांचा ट्रे घेऊन आल्या आणि माझ्याजवळ न येता पायाशीच उभ्या राहिल्या.

"आहेर साहेब, बोरस्ते भाऊ नाहीत. मी आहे. लावू, का मुंबईला फोन करायला सांगू?"

"लावा."

"चुकले तर?"

मी टाक्यांवरच्या पट्टीकडं बघितलं.

"चुकू शकते मी. कोणीही चुकतं. तुमची शीर खोल आहे इथं आणि तुम्ही घाबरून गोठलाय. आधीच सांगून ठेवते, मागाहून खोलीभर ऐकू जायला नको."

"नाही जाणार," मी म्हणालो.

"जाऊ द्या, गेलं तरी. फक्त हात हलवू नका."

त्या स्टुलावर बसल्या. डोळे मिटून बोटं फिरवली, पुन्हा फिरवली. कार्यालयात मंगलाष्टका चालू होत्या, कोणी तरी फार वरच्या पट्टीत सुरुवात करून पुढं अडकलं होतं. त्या पुटपुटल्या, "ह्याचं लग्न लागतंय की गळा बसतोय." मला हसू आलं, आणि त्याच क्षणी सुई गेली. जाताना कळली. नव्या कातडीतून गेलेली सुई भाजल्यासारखी लागते. नळीत लाल रक्त उसळून आलं. त्यांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. म्हणजे त्यांनीही तो धरला होता. बाहेर बँड वाजायला लागला.

*

त्यानंतर पुढं दीड-दोन वर्षं सुया त्याच लावत होत्या. जागा बदलून, पायरीपायरीनं. बॉलपेननं बारीक ठिपका काढायच्या. "आज इथं. पुढच्या वेळी दोन बोटं वर." दरवेळी दुखायचं. बधिर जागा संपल्या होत्या, आणि त्या होऊही देत नव्हत्या. अधूनमधून चुकायच्या, दुसरी जागा घ्यायच्या. शीर टिकली.

आमची मैत्री झाली असं कोणाला वाटेल. नाही झाली. मी प्रयत्न केला, फार उशिरा आणि फार अवघडून. नांदगावाकडं पाऊसपाणी कसं आहे, विचारलं. "चांगलंय." घरी कोण असतं? "सगळे." एकदा मुद्दाम त्यांच्याकडं बघून म्हटलं, "सिस्टर, थोडं पाणी देता का?" त्या दुसऱ्या मशीनच्या नळ्या भरत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "मामा, साहेबांना पाणी द्या."

मामांनी दिलं. मी प्यायलो. त्या खोलीत मला एवढं एकटं आधी कधी वाटलं नव्हतं, भाऊ उठून गेला तेव्हाही नाही.

*

जे नव्यानं या वाटेला लागलेत त्यांना चार गोष्टी सांगतो, मग माझं उरलेलं सांगतो. किडनीचा संशय आहे असं कोणी म्हटलं तर त्या दिवसापासून एक हात राखून ठेवा, त्यात बाटली नको, रक्त काढणं नको. सुई बधिर जागी मागू नका, तिथं दुखत नाही कारण तिथलं सगळं संपत आलेलं असतं. हातावर टेंगूळ येत असेल तर ते डॉक्टरांना दाखवा, 'शीर तगडी होतेय' म्हणून हसण्यावारी नेऊ नका. आणि शिकलेल्या कोणाच्याही हातून सुई लावून घ्या. एकाच माणसावर आपली शीर टांगून ठेवली तर तो माणूस कधीतरी दुबईला जातो.

शेवटी आईच्या किडनीचा विषय निघाला. तिला समजावायला गावी गेलो, तर तिनं मलाच समजावलं. "मनी ले. दोन शेतस ना मले?" माझी घे, दोन आहेत ना मला, असं. थोरल्या भावानं त्या दिवशी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. तपासण्या झाल्या, किडनी जुळली. ऑपरेशन मुंबईत व्हायचं होतं. ते झालं, आई बरी आहे, मी हे लिहितोय.

मुंबईला निघण्याआधीचं शेवटचं डायलिसिस नाशकात झालं. मी मनाशी ठरवून गेलो होतो. मशीन बंद झालं, रक्त परत आलं. पगारे सिस्टर चिकटपट्ट्या सोडवत होत्या.

"सिस्टर, त्या दिवशी मी जे बोललो…"

"कोणत्या दिवशी?"

"तुमच्याकडं हात नाही म्हणालो तेव्हा."

"हं."

"ते सुईमुळं नव्हतं."

त्या पट्टी सोडवायच्या थांबल्या नाहीत. "मग कशामुळं होतं?"

मला वाटलं होतं एवढं बोललं की पुढचं त्या समजून घेतील.

"बोला की," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "इतकं बोललात, तर कशामुळं ते पण बोला."

"तुमच्या आडनावामुळं."

दुसऱ्या मशीनवरच्या माणसानं मान वळवली. मामा दारातच थबकले.

"मला त्याच दिवशी कळलं होतं, साहेब," त्या म्हणाल्या. "त्याच्याही आधी. तुम्ही 'बरं' म्हणालात ना, तेव्हाच. मला वाटलं तुम्हाला कळलं नसेल."

"मलाही कळलं होतं."

"मग आज का सांगताय? मुंबईला चाललाय म्हणून? जिवाचं बरंवाईट व्हायच्या आत मोकळं व्हायचं म्हणून?"

खरं तेच होतं.

"मोकळे व्हा," त्या म्हणाल्या. "पण ते माझ्याकडं ठेवून जाऊ नका. माझ्याकडं आधीच पुष्कळ साठलंय."

त्यांनी पहिली सुई काढली आणि तिथं रक्त थांबवायला गॉजची घडी ठेवली. एरवी त्या स्वतः दाबून धरायच्या, घड्याळाकडं बघत, एक शब्द न बोलता. त्या दिवशी त्यांनी माझा डावा हात उचलला आणि त्याची दोन बोटं गॉजवर ठेवली. दुसरी सुई काढली आणि तिथं अंगठा बसवून दिला.

"धरा. फार जोरात दाबू नका, शीर बंद पडेल. सैल सोडू नका, वाहील."

"तुम्ही?"

"तिकडं अलार्म वाजतोय," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या मशीनकडं गेल्या.

खरंच वाजत होता. मी धरून बसलो. बोटांखाली माझं रक्त धडधडत होतं, आणि जोर बरोबर आहे की नाही हे सांगायला जवळ कोणी नव्हतं. किती वेळ धरायचं ते मी विचारलं नाही.